आधी शॅम्पेन की आधी व्हिस्की? दुकानातल्या टेस्टिंगला जाण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा: नेहमीच्या वाइन शॉपमध्ये टेस्टिंगची संध्याकाळ होती. आधी चार व्हिस्की आणि शेवटी तीन शॅम्पेन असा बेत. तुम्हाला चारही व्हिस्की सारख्याच जळजळीत लागल्या आणि शॅम्पेन तर आंबट सोड्यासारखी. शेजारी उभे असलेले लोक मात्र मध, व्हॅनिला, भाजलेला पाव, धूर असं एकेक ओळखत होते. आता पुढच्या महिन्यात पुन्हा टेस्टिंग आहे. ‘माझी जीभच बोथट आहे का? जाऊ की नको?’

जरूर जा. गेली अठरा वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून हेच काम करते आहे. बाटल्या निवडायच्या, उघडायच्या, ओतायच्या आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं. इतक्या वर्षांत खरोखर बोथट जिभेची माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. चुकीच्या क्रमाने, चुकीच्या ग्लासातून, चुकीच्या तापमानाला चव घेऊन स्वतःला दोष देत घरी गेलेली मात्र शेकड्यांनी. तुमच्या वर्णनात मला या तीनही गोष्टी दिसतात.

आधी क्रम. शॅम्पेनमध्ये अल्कोहोल साधारण 12 ते 12.5 टक्के असतं. व्हिस्कीत निदान 40 टक्के, आणि पाणी न घालता पिंपातल्या तीव्रतेलाच भरलेली, म्हणजे कास्क स्ट्रेंग्थ व्हिस्की असेल तर 55–60 टक्क्यांपर्यंत. इतकं अल्कोहोल तोंडातल्या त्याच संवेदना जागवतं ज्या चटका बसल्यावर किंवा मिरची चावल्यावर जाग्या होतात. असे चार चटके बसल्यावर शॅम्पेनमधला लिंबाच्या सालीचा, ओल्या खडूचा, ताज्या पावाचा नाजूक वास तोंडाला लागणार कसा? तोंडाशी पोचते ती फक्त तिची आंबट बाजू आणि गॅस. म्हणजे तुम्हाला लागला तो आंबट सोडा ही त्या परिस्थितीतली अगदी बरोबर चव होती. तुमच्या जिभेने तुम्हाला खरं तेच सांगितलं.

त्यातून चारांपैकी एखादी व्हिस्की पीटच्या धुराची असेल तर विचारायलाच नको. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतकं कुजून साठलेल्या वनस्पतींची माती. ती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर मोड आलेलं बार्ली सुकवतात. त्या धुरातली फिनॉल वर्गातली संयुगं जिभेला आणि नाकाला इतकी चिकटून बसतात की पुढचे दोन ग्लास त्यांचेच होतात. म्हणून शॅम्पेन आधी, व्हिस्की नंतर, आणि व्हिस्कीतही धुराची सगळ्यात शेवटी. बरीच दुकानं शेवट जल्लोषात व्हावा म्हणून शॅम्पेन मागे ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्यात शॅम्पेनचं नुकसान होतं. तुम्ही लवकर जा आणि ‘मी शॅम्पेनपासून सुरुवात केली तर चालेल का?’ असं सरळ विचारा. बाटल्या थंड करायला ठेवलेल्याच असतात. कामाची आवड असलेला कुठलाही विक्रेता नाही म्हणणार नाही.

आता ग्लास. एकदा मला एका समारंभात शॅम्पेन ओतायला बोलावलं होतं. ग्लास त्यांचेच होते, चकचकीत धुतलेले. पहिली बाटली ओतली आणि अर्ध्या मिनिटात फेस गेला. कडेला बुडबुड्यांची जी बारीक माळ राहते तीही नाही. तिघा-चौघांनी शॅम्पेन शिळी आहे म्हणून ग्लास परत दिले. मी एक ग्लास नाकाशी नेला, तर त्याला साबणाचा गुलाबी वास. सहा ग्लास नुसत्या गरम पाण्याने पुन्हा धुतले, पालथे न घालता उभेच ठेवून वाळू दिले, आणि त्याच बाटलीतली शॅम्पेन त्यात ओतली. खालून बुडबुड्यांच्या दोऱ्या अशा काही निघाल्या की मघाशी ग्लास परत देणारेच पुढे सरकले.

यामागचं कारण मला फार आवडतं. द्रवात विरघळलेल्या वायूला बुडबुडा व्हायला आधार लागतो. ग्लासाच्या आतल्या बाजूला हवेतून किंवा पुसायच्या फडक्यातून आलेले कापसाचे, कागदाचे अतिसूक्ष्म धागे चिकटलेले असतात. त्यांच्या पोकळीत हवेचा कण अडकतो आणि तिथून बुडबुडे सुटतात. फ्रान्सच्या राँस विद्यापीठातले शास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी हे सगळं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं आहे. 100 मिलिलिटर शॅम्पेन स्वस्थ ठेवली तर तिच्यातून साधारण दहा लाख बुडबुडे उठतात, असा त्यांचा हिशेब आहे. साबणाचा पातळ थर राहिला की हा सगळा खेळ बिघडतो आणि वरचा फेस फुटतो. ओठांवरच्या लिपस्टिकने किंवा मलमानेही हेच होतं, कारण स्निग्ध पदार्थ फेसाचा शत्रू. तेव्हा टेस्टिंगला जाताना ओठांना काही लावू नका, आणि अत्तर तर मुळीच नको. तुमच्याच नव्हे, शेजारच्या तिघांच्या नाकाचंही नुकसान होतं.

आकाराचं म्हणाल तर उंच, अरुंद ग्लासात बुडबुडे छान दिसतात, पण वास घ्यायला जागाच उरत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइड अरुंद तोंडाशी साठून नाकात झिणझिण्या आणतो. पसरट बशीसारख्या ग्लासातून वास आणि वायू दोन्ही लगेच उडून जातात. पोटात थोडा फुगीर आणि वर किंचित आवळलेला, ट्यूलिपच्या फुलासारखा ग्लास सगळ्यात बरा. दुकानात तो नसेल तर पांढऱ्या वाइनचा साधा ग्लास मागा. व्हिस्कीलाही तेच तत्त्व लागू. जाड बुडाचा रुंद ग्लास बर्फ घालून गप्पा मारत पिण्यासाठी ठीक, वास घेण्यासाठी नाही. स्कॉटलंडमध्ये 2001 साली आलेला ग्लेनकेर्न नावाचा छोटा ग्लास आता बहुतेक टेस्टिंगमध्ये दिसतो. तो खाली गोल आणि वर निमुळता असतो.

शॅम्पेन हातात आली की आधी ग्लास नुसता धरा. फार गार लागतोय? मग थांबा. फ्रिजमधून काढून थेट ओतलेली शॅम्पेन 4–5 अंश सेल्सियसला असते आणि त्या थंडीत वास बंद होऊन आंबटपणा तेवढा पुढे येतो. तुमच्या आंबट सोड्याचं हे दुसरं कारण असणार. तिला 8 ते 10 अंश लागतात, जुन्या किंवा एकाच वर्षीच्या द्राक्षांपासून केलेल्या शॅम्पेनला त्याहून दोन अंश जास्त. ग्लासाचा फुगीर भाग तळहातात धरून दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की फरक कळतो. एरवी ग्लास दांड्यालाच धरावा, पण दुकानातल्या टेस्टिंगमध्ये हा नियम मी लोकांना बेधडक मोडायला सांगते.

बाटली उघडताना लक्ष द्या, त्यावरून ओतणाऱ्याचा हात कळतो. आतला दाब सुमारे 6 बार असतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या अडीच-तीन पट. तारेची जाळी अर्ध्या अर्ध्या सहा वळशांत सैल होते आणि त्या क्षणापासून बुचावरचा अंगठा हलता कामा नये. बाटली तिरकी धरायची, बूच घट्ट पकडायचं आणि फिरवायची ती बाटली. बूच हळूहळू वर येतं आणि शेवटी नुसता एक सुस्कारा ऐकू येतो. धडाक्याने बूच उडवलं तर टाळ्या मिळतात, पण त्याबरोबर वायूही जातो आणि फेसाबरोबर शॅम्पेन जमिनीवर. ओततानाही ग्लास तिरका धरून कडेवरून सोडली तर वायू जास्त टिकतो.

मग वास. शॅम्पेनला मी दोन वेळा वास घ्यायला सांगते. पहिला वास ओतल्यावर अर्ध्या मिनिटाने, ग्लास न हलवता. यात फळ येतं: सफरचंद, नासपती, लिंबाची साल, कधी स्ट्रॉबेरी. दुसरा वास दोन घोट झाल्यावर, शॅम्पेन थोडी उबदार झाली की. यात पाव, लोणी, बदाम, भाजल्याचा खमंगपणा येतो. हा दुसरा वास कुठून येतो हे कळलं तर तो ओळखणं सोपं जातं. शॅम्पेन आधी साधी, बऱ्यापैकी आंबट वाइन असते. ती बाटलीत भरताना लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बंद करतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल थोडं वाढतं आणि वायू बाहेर जायला जागा नसल्यामुळे वाइनमध्येच विरघळतो. काम संपलं की यीस्ट मरून तळाशी बसतं आणि महिनोन् महिने हळूहळू विरघळत राहतं. पावाचा वास त्या मेलेल्या यीस्टचा. नियमाप्रमाणे साध्या शॅम्पेनला बाटलीत किमान 15 महिने काढावे लागतात, त्यातले 12 या गाळावर. एकाच वर्षीच्या द्राक्षांची असेल तर किमान 3 वर्षं. तेव्हा दोन ग्लास शेजारी शेजारी असतील, एक साधी आणि एक वर्ष छापलेली, तर फक्त पावाचा वास कुठे जास्त आहे एवढंच शोधा. बाकी काही ओळखता नाही आलं तरी हे येईल.

घोट घ्याल तेव्हा तो लगेच गिळू नका. फेस जिभेवर फुटू द्या. काही शॅम्पेनचे बुडबुडे टोचतात, काहींचे साय पसरावी तसे पसरतात. मग थुंका किंवा गिळा, आणि मनातल्या मनात अंक मोजा. पाचला चव संपली की पंधरालाही रेंगाळते आहे? महाग-स्वस्त, नामांकित-अनोळखी हे सगळं बाजूला ठेवून तुलना करायची ही मला माहीत असलेली सगळ्यात प्रामाणिक रीत आहे.

बाटल्यांचा क्रम ड्रायकडून, म्हणजे कमी साखरेच्या शॅम्पेनकडून, गोडाकडे. इथे लेबल नवख्याला हमखास चकवतं. गाळ काढल्यावर बाटलीत थोडी साखर घालतात आणि त्या प्रमाणावरून नाव ठरतं. ब्रूट नेचरमध्ये लिटरला 3 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि ती वरून घातलेली नसते. एक्स्ट्रा ब्रूटमध्ये 6 ग्रॅमपर्यंत आणि ब्रूटमध्ये 12 ग्रॅमपेक्षा कमी. गंमत अशी की एक्स्ट्रा ड्राय म्हणजे 12 ते 17 ग्रॅम, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. डेमी सेकमध्ये तर 32 ते 50. आंबट चव तुम्हाला जड जात असेल तर ब्रूट नेचरने सुरुवात करू नका. ब्रूटवर नाक-जीभ रुळू द्या आणि मग मागे जाऊन ती चाखा.

द्राक्षांचं एवढंच लक्षात ठेवा: शॅम्पेन मुख्यतः शार्डोने, पिनो न्वार आणि मूनिए या तीन द्राक्षांची होते. शेवटची दोन काळी आहेत, पण साल लगेच वेगळी केल्यामुळे रस पांढराच निघतो. ब्लाँ द ब्लाँ लिहिलं असेल तर फक्त पांढरी द्राक्षं, बहुतेक वेळा निव्वळ शार्डोने: ताठ, लिंबासारखी. ब्लाँ द न्वार म्हणजे फक्त काळी: अंगाने भरलेली, लाल फळांकडे झुकणारी. एकाच संध्याकाळी या दोन्ही मिळाल्या तर बाकीच्या बाटल्या सोडून या दोघींशेजारी उभ्या राहा. दहा लेख वाचून होणार नाही इतकी ओळख वीस मिनिटांत होते.

एखादा ग्लास खरोखरच बिघडलेला असू शकतो, आणि तसं म्हणायला संकोचू नका. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास आला तर बुचाचा दोष आहे. टीसीए नावाचं संयुग बुचातून वाइनमध्ये उतरतं आणि फळाचा वास मारून टाकतं. दुसरा दोष उजेडाचा. शॅम्पेनवर उजेड, विशेषतः उन्हाचा किंवा ट्यूबलाइटचा, फार वेळ पडला की तिला उकडलेल्या कोबीसारखा, ओल्या लोकरीसारखा वास येतो. पारदर्शक काचेच्या बाटल्यांना हा धोका सगळ्यात जास्त. लुई रोदरेर या शॅम्पेन कंपनीची क्रिस्टाल पारदर्शक बाटलीत येते आणि म्हणूनच तिच्याभोवती अतिनील किरण अडवणारा सोनेरी कागद असतो. घरी आणल्यावरही तो काढू नये. खरेदी करताना दिव्याखालच्या फळीवरची बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली मागा.

व्हिस्कीकडे वळण्याआधी थोडा हिशेब, कारण याविषयी टेस्टिंगमध्ये कोणी बोलत नाही आणि मला ते खटकतं. 12 टक्क्यांची शॅम्पेन 50 मिलिलिटर घेतली तर पोटात 6 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. 40 टक्क्यांची व्हिस्की 15 मिलिलिटर घेतली तरी तेवढंच, 6 मिलिलिटर. तुमच्या मागच्या संध्याकाळचे सातही नमुने या मापाने गिळले तर 42 मिलिलिटर, म्हणजे साधारण 33 ग्रॅम अल्कोहोल. छोट्या ग्लासांमुळे हे लक्षातच येत नाही. त्यात बुडबुड्यांमुळे अल्कोहोल रक्तात लवकर भिनतं. चौथ्या नमुन्यापासून सगळंच छान लागायला लागतं ते यामुळेच, आणि लोक शेवटची बाटली विकत घेतात तीही बरेचदा याच कारणाने. चव घेऊन थुंकणं हा आमच्या धंद्यातला रोजचा रिवाज आहे. त्यात काही असभ्य नाही. भांडं ठेवलेलं नसेल तर कागदी कप मागून घ्या. जेवून जा, प्रत्येक नमुन्यामागे निदान तेवढंच साधं पाणी प्या, आणि गाडी चालवत जाऊ नका. सगळं थुंकणार असलात तरीही.

शॅम्पेन झाली की दहा मिनिटं थांबा. साधं पाणी आणि साधा पाव, बस. चीज आणि खारवलेले पदार्थ दुकानं प्रेमाने मांडतात. ते नंतर खा, तोपर्यंत जिभेवर चरबीचा थर नको.

व्हिस्कीचा ग्लास वाइनसारखा गरगर फिरवून त्यात नाक खुपसलं की अल्कोहोलची वाफ सणकन वर जाते आणि पुढची पाच मिनिटं नाक बधिर. चारही व्हिस्की सारख्या वाटल्या त्या बहुधा यामुळे. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. जिथे पहिल्यांदा गोडसर वास लागतो तिथे थांबा. तेवढं अंतर तुमचं. दोन हुंगण्यांच्या मध्ये स्वतःच्या बाहीचा किंवा कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. नाकाला स्वतःच्या अंगाचा वास सवयीचा असतो, त्यावर ते विसावतं.

पहिला घोट चवीसाठी धरू नका. तो तोंडाला तयार करतो, तेवढंच त्याचं काम. अगदी थेंबभर घेऊन तोंडभर फिरवा आणि सोडून द्या. मिनिटभराने दुसरा घोट घ्या. त्यात चटका निम्मा झालेला असतो आणि त्याच्यामागे दडलेलं बाहेर येतं. लोक पहिल्या घोटावर निकाल देऊन पुढच्या बाटलीकडे जातात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आणि पाणी. व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे नवखेपणा असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरा. व्हिस्की मिसळण्याचं काम करणारे ब्लेंडर स्वतः ती साधारण 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. याचं कारणही सुंदर आहे. 2017 साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर दाखवलं की धुराचा वास देणारं ग्वायाकॉल नावाचं संयुग तीव्र अल्कोहोलमध्ये आत बुडालेलं राहतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की ते पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. तुम्ही मात्र एकदम ओतू नका. स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरचं टोक बोटाने बंद करा आणि थेंब थेंब सोडा. 40 टक्क्यांच्या 15 मिलिलिटर व्हिस्कीत एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिलिलिटर पाणी घातलं की ती 30 टक्क्यांवर येते. 60 टक्क्यांच्या कास्क स्ट्रेंग्थमध्ये तेवढंच घातलं तर 45 वर. पाणी घालण्याआधी एकदा, मग प्रत्येक दोन-चार थेंबांनंतर एकदा हुंगा. एखादी व्हिस्की फुलते, एखादी अचानक फिकी पडते. कुठे फिकी पडली ते लक्षात ठेवा, घरी तिला त्याच्या आधीच थांबवायचं असतं. बर्फ टेस्टिंगमध्ये नको, थंडीने वास आखडतात.

चार व्हिस्की निवडायची मुभा मिळाली तर मी अशा मांडीन. पहिली आयरिश. ती बऱ्याचदा तीनदा ऊर्ध्वपातन केलेली असते, म्हणून अंगाने हलकी. दुसरी बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की. तिच्यात मका किमान 51 टक्के लागतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. कोऱ्या ओकमधून व्हॅनिला, नारळ, कॅरमेल भरभरून उतरतं, त्यामुळे नवख्या नाकालाही ती लगेच कळते. तिसरी, बर्बनच्याच वापरलेल्या पिंपात मुरलेली स्कॉच. बर्बनला दर वेळी कोरं पिंप लागत असल्यामुळे जुनी पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. दुसऱ्या ग्लासातलं व्हॅनिला तिसऱ्यात दबक्या आवाजात सापडतं आणि त्या क्षणी लोकांचे डोळे चमकतात. तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे, अजून त्याचा कंटाळा आलेला नाही. चौथी स्कॉटलंडच्या आयला बेटावरची धुराची, लाफ्रॉइग किंवा आर्डबेगसारखी: आयोडीन, डांबर, समुद्रकाठची शेकोटी. ती पहिल्या भेटीत आवडली नाही तर बिघडत नाही. कित्येकांना ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत आवडते, कित्येकांना कधीच नाही.

रंगावर विश्वास ठेवू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असं समीकरण नाही. बर्बनला तशी परवानगी नाही, तिचा रंग पिंपाचाच. बाटलीवर 12 वर्षं लिहिलं असेल तर तो आकडा त्यातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा. आकडाच नसेल तरी स्कॉच किमान 3 वर्षं ओकमध्ये राहिलेली असणार, त्याशिवाय तिला स्कॉच म्हणताच येत नाही. आणि पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित धुरकट झाली तर घाबरू नका. थंड करून गाळलेली नाही एवढाच त्याचा अर्थ, माझ्या लेखी तो गुणच.

विक्रेत्याला काय विचारायचं? ‘यातली चांगली कुठली’ असं विचारलंत तर तो जे संपवायचं आहे ते पुढे करील, आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही. त्याऐवजी व्हिस्कीबद्दल विचारा: ही बाटली कधी उघडली? तळाशी चार बोटं उरलेली, दोन-तीन महिने उघडी असलेली व्हिस्की हवेने बरीच बदललेली असते. ती वाईटच असेल असं नाही, पण तुम्ही घरी न्याल ती सीलबंद बाटली तशी लागणार नाही. शॅम्पेनबद्दल विचारा: गाळ कधी काढला? ती तारीख बऱ्याच बाटल्यांच्या मागच्या लेबलवर असते. लेबलवर बारीक अक्षरात एनएम किंवा आरएमही दिसेल. एनएम म्हणजे द्राक्षं विकत घेऊनही शॅम्पेन करणारी कंपनी, आरएम म्हणजे स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची शॅम्पेन करणारा शेतकरी. दर्जाचा निकाल यावरून लागत नाही, पण शेतकऱ्याची बाटली बहुधा एखाद-दोन गावांच्या मातीची असते आणि कंपनीची अनेक गावांतल्या, अनेक वर्षांच्या वाइन जुळवून केलेली. तुलनेला मजा येते.

वही न्या, फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल. मध, नासपती, चामडं अशा शब्दांसाठी झटू नका. ‘दुसरी पहिलीपेक्षा गोलसर’, ‘तिसरीचा वास छान, पण चव लवकर गेली’ एवढं पुरतं. शेजाऱ्याला जे सापडलं ते तुम्हाला सापडलं नाही तर लिहू नका. वासाचं नाव आठवणीतून येतं. त्याने जे हुंगलं आहे ते तुम्ही आयुष्यात हुंगलंच नसेल, तर ते नाव तुम्हाला सुचणार कुठून?

व्हिस्कीचे रिकामे ग्लास लगेच परत देऊ नका. ओळीने मांडून ठेवा, वर कागद झाका, कुठला ग्लास कुठल्या बाटलीचा ते लिहा. अर्ध्या तासाने, निघण्याच्या वेळी, त्या कोरड्या ग्लासांचा वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी राहिलेलं असतं ते लाकूड, धान्य, धूर. ज्या ग्लासापाशी नाक पुन्हा पुन्हा जाईल त्या बाटलीवर खूण करा आणि विकत घ्यायची की नाही ते दुसऱ्या दिवशी ठरवा. व्हिस्की घेतलीत तर बाटली उभी ठेवा, इतकं तीव्र अल्कोहोल बुचाला खातं. शॅम्पेन घेतलीत तर अंधारात, गारव्यात, आणि प्यायच्या दिवशी फ्रीझरऐवजी निम्मं बर्फ निम्मं पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास ठेवा.